म्हातारा उतरला का?

केकचा तुकडा तोंडात असतानाच फोन वाजला. गावाहून माझा चुलतभाऊ स्वप्निल बोलत होता. कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. थेट म्हणाला, "ताई, नीराबाई विचारतेय, म्हातारा होडीतून उतरला का?" एकतीस डिसेंबरची दुपार होती. ऑफिसात सुचितानं आणलेला केक कापून झाला होता आणि आता प्रत्येकानं नव्या वर्षाचा आपापला संकल्प उभं राहून सांगायचा, असा फतवाही तिनंच काढला होता. कोणी वजन कमी करणार होतं, कोणी सिगारेट सोडणार होतं, एकजण दरवर्षीप्रमाणे पहाटे उठणार होता. माझी पाळी दोन खुर्च्यांवर आली आणि फोन आला, तेव्हा सुटले एकदाची, असं म्हणत मी गॅलरीत पळाले. खाली बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग लागली होती आणि डिझेलचा वास वर येत होता. मला काही उमगेना. कुठला म्हातारा? गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची मी मनातल्या मनात हजेरी घेतली. शिवाय खाडीवर पूल झाल्यापासून होडीत बसतं कोण? "कुणाला काय झालं रे?" मी घाबरून विचारलं. स्वप्निल हसला. "अगो, कुणाला काय न्हाय झालं. आपल्या नाटकातला म्हातारा. शिमग्याला अर्धाच राहिला ना? ती आज परत विचारत होती. मी बोललो, ताईलाच विचारतो." माझ्या बोटांवर केकचं क्रीम वितळत होतं आणि ते पुसायचंही मला सुचेना.

म्हणजे मार्चपासून डिसेंबरपर्यंत एक बाई माझ्या म्हाताऱ्याला मनात घेऊन हिंडत होती. भात लावताना, झोडताना, वालाच्या शेंगा सोलताना. मी त्याला केव्हाच कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला होता आणि त्याच्यावर हिवाळ्याची गोधडी ठेवली होती. "सांग ना, काय सांगू तिला?" स्वप्निल विचारत होता. शेवट मला पाठच होता. तिसऱ्या अंकात म्हातारा स्वतःची होडी स्वतःच्या हातानं पेटवतो आणि त्या उजेडात पानभर बोलतो. तेवढं एक वाक्य, "तो होडी जाळतो," हे सांगायला मी तोंड उघडलं आणि जीभ वळेना. नीराबाई हे ऐकून काय म्हणेल ते मला लख्ख ऐकू आलं. म्हणेल, चांगल्या लाकडाची होडी, जाळील कशाला मेला? आणि तिचं म्हणणं खरं होतं. इतकी वर्षं तो शेवट मला कधी कोणाला तोंडानं सांगावा लागला नव्हता, म्हणून तो टिकला होता. "शिमग्याला सांगते म्हणावं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आत गेले तर सगळे माझ्याकडे बघत होते. सुचिता लाडानं म्हणाली, "मृणालताई, तुमचा संकल्प राहिला. या वर्षी पण नाटकच ना?" सुचिता मनानं वाईट नाही. पण तो 'पण' माझ्या पायात बाभळीच्या काट्यासारखा मोडला. मी म्हटलं, "एका बाईला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय." कोणाला काही कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी पनवेलच्या माझ्या खोलीत चहा करताना मला एक गोष्ट दिसली. ती इतकी उघडी पडलेली होती, की आजवर कशी दिसली नाही याचंच नवल वाटलं. माझ्या एकाही नाटकाचा शेवट आजवर कोणी पाहिलेला नाही. पहिलं नाटक स्पर्धेत गेलं होतं. प्राथमिक फेरी, मोठं नाट्यगृह, आमचे नट इस्त्रीचे कपडे घालून आलेले. शेवटच्या प्रवेशाला नायिका दार उघडायला निघाली आणि वेळ संपल्याची घंटा झाली. नियम म्हणजे नियम. पडदा पडला तेव्हा तिचा हात कडीवर होता. दाराबाहेर कोण उभं आहे, हे त्या प्रेक्षकांना अजून माहीत नाही. मग हे होडीचं नाटक मी एका नामवंत दिग्दर्शकांना दिलं. नागावला माडांच्या बागेत त्यांचं घर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी मी एसटीनं जायचे, ते झोपाळ्यावर बसून शहाळं द्यायचे आणि म्हणायचे, "भाषा झकास आहे हो तुमची. शेवटचा अंक तेवढा वाचायचा राहिलाय." असं दोन वर्षं चाललं. बाहेर किनाऱ्यावर पर्यटक पॅराशूटला लटकून किंचाळत असायचे आणि मी शहाळ्यातली मलई खरवडत बसायचे. शेवटी ते म्हणाले, हल्ली अशी नाटकं चालत नाहीत. अशी म्हणजे कशी ते त्यांना कसं कळणार, शेवट तर वाचलाच नव्हता. मला संताप आला होता, पण शहाळं संपवूनच उठले, हेही खरं. आणि तिसऱ्यांदा गेल्या शिमग्याला, आमच्या गावात, तेच नाटक.

आमचं गाव तळा गावाच्या खाली, खाडीच्या काठाला. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघते आणि वाडीवाडीनं, घराघरानं फिरते. मुंबईला, रोह्याला नोकरीला गेलेली माणसं त्या दिवसांत हटकून येतात आणि एक संध्याकाळ गावच्या नाटकाची असते. त्या संध्याकाळी मी तीन अंक उभे केले होते. पूल झाला तरी होडीतून न उतरणारा म्हातारा नावाडी, त्याची सून, वकील मुलगा, सरपंच, पुलाचा इंजिनियर, मेलेली बायको स्वप्नात येते तो प्रवेश, त्यात निळा दिवा. करमअली चाचांनी मंडप, लाइट, माइक सगळं दिलं होतं. पनवेलहून एक नटी आणली होती. पालखीचा सगळा हिशोब मी मानकरी धर्माजी काकांना विचारून केला होता. त्या दिवशी पालखी वरच्या वाडीत, आमच्याकडे येईपर्यंत अंधार पडणार, तोवर नाटक आटोपतंय. चुकलं काय, तर वरच्या वाडीत त्या दिवशी सकाळी एक आजोबा वारले. सुतकाच्या घरी पालखी जात नाही. आणि वरची वाडी म्हणजे एकच भावकी, सगळ्यांना सुतक. पालखीनं अख्खी वाडी वगळली आणि ती सरळ खाली उतरली. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, स्वप्निल पांढरी दाढी लावून होडीत बसलेला, सून त्याला विनवतेय, आणि लांबून खालुबाजा ऐकू आला. सनई, मग ढोल. पहिल्यांदा पाठीमागची माणसं उठली. मग मधली. मी विंगेत संहिता धरून उभी होते आणि मला वाटत होतं, पुढच्या रांगा तरी बसतील. तेवढ्यात स्वप्निलच उठला. पालखीला पहिला खांदा त्याच्या घराचा. दाढीसकट पुठ्ठ्याच्या होडीतून बाहेर पडला, माझ्याकडे बघून हात जोडले, आणि पळाला. त्याचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. देवी दारात आल्यावर कोण कुणाचं नाटक बघत बसेल? रिकाम्या मैदानात निळा दिवा उगीच लागला आणि विझला. सतरंजीवर एकटी नीराबाई राहिली होती, तीही नाटकासाठी नव्हे. तिचे गुडघे धरतात, तिला उठवायला दोन बायका लागतात आणि त्या दोघी पालखीकडे धावल्या होत्या. मी जवळ गेले तशी ती म्हणाली, "मंग? उतरला का न्हाय गो म्हातारा?" मला वाटलं, ती माझं सांत्वन करतेय. तिला हात देऊन कसंबसं उठवलं आणि पनवेलला परतले त्या रात्रीच गोधडीखाली नाटक गेलं.

ती सांत्वन करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चहा गार झाला आणि मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले, आणि मला एकदम हसू आलं, मोठ्यानं, एकटीला. दर एक जानेवारीला मी केलेले संकल्प आठवले. व्यावसायिक रंगभूमी. स्पर्धेत पहिला नंबर. एका वर्षी तर 'मराठी नाटकाला नवं वळण', असं मी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं आणि ते वळण जूनपर्यंत कोथिंबिरीच्या ओल्या हातांनी पुसून गेलं. त्या संकल्पांत माणूस कुठेच नव्हतं. एक बाई, तिचे गुडघे, तिचा प्रश्न, असं काही नव्हतं. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे, दिवसभर मी काय करते? कंपनीत माझं काम एवढंच, की परदेशी जाणाऱ्या कंटेनरात काय आहे ते एका ओळीत लिहायचं. आंब्याचा रस, डबाबंद. सुती टॉवेल. चाळीस फुटांचं धूड आणि ओळ एक. त्यात मी कधी निळा दिवा घालत नाही. मग घरी येऊन मला काय होतं? मी म्हटलं, ठीक. या वर्षी नंबर नको, वळण नको, नामवंत कोणी नको. येत्या शिमग्याला नीराबाईला शेवट दिसला पाहिजे. एवढंच. हे इतकं लहान वाटलं की आधी लाजच वाटली, आणि मग भीती. मोठा संकल्प मोडला तर लोक हळहळतात. हा मोडला असता तर मला तोंड लपवायला जागा नव्हती.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी गावी गेले ती थेट धर्माजी काकांकडे. काका अंगणात पावट्याच्या शेंगा वाळवत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परत नाटाक?" मी म्हटलं, "काका, मागच्या वर्षी मी देवीशी शर्यत लावली, हरले. या वर्षी देवीच्या सोबतीनंच करते." गावात पालखी फिरून दमली की दुपारी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे वडाखालचा दगडी चौथरा. तिथं बायका रांगेनं ओट्या भरतात, प्रत्येकीचं गाऱ्हाणं काका देवीला घालतात आणि बाकी गाव भोवती नुसतं बसून असतं. ढोलवाले पाणी पितात, पोरं कंटाळतात, पुरुष मुंबईच्या गप्पा मारतात. मला तेवढाच वेळ हवा होता. दिवसाउजेडी, पडद्याशिवाय. काकांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग म्हणाले, "ओट्या चालू हायेत तवर काय ता कर. शेवटची ओटी झाली की देवी उठंल. मी कुणासाठी थांबवनार न्हाय. पुढल्या वाडीला दिवेलागणीच्या आत पोचायचं असतं." मी म्हटलं, "ओट्यांना किती वेळ लागतो?" तर म्हणाले, "ता काय सांगावं? जेवढी दुःखं, तेवढा येळ." म्हणजे पुन्हा घंटा होतीच, फक्त ती कधी वाजेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण यावेळी घंटा कुठे टांगलीय ते तरी मला माहीत होतं.

मग कापाकापी. रविवारी सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं जायचं, आणि जाताना एक पात्र कमी करायचं, असा माझा क्रमच झाला. वकील मुलगा गेला. सरपंच गेला. इंजिनियर गेला तेव्हा मला अक्षरशः हलकं वाटलं. मेलेली बायको काढताना मात्र मी एसटीत डोळे पुसले, कारण तिची वाक्यं सुंदर होती. दिग्दर्शक झकास म्हणायचे ती हीच भाषा. एवढी जीव लावून घडवलेली आणि तिथं तिचं काही कामच नव्हतं. स्वप्निलला त्याचं पानभर भाषण गेल्याचं कळलं तेव्हा तो अंगणात बसकण मारून म्हणाला, "ताई, भाषाणच काढलंस? मंग मी करू काय?" मी म्हटलं, "बस होडीत." उरले म्हातारा आणि सून. सुनेचं काम स्वप्निलच्याच बायकोनं, पूनमनं, करायचं ठरलं. ती रोह्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, कमी बोलते, आणि तिचं ते कमी बोलणंच मला हवं होतं. "नटीबिटी बनून मला उभं राहता येनार न्हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू ओटीच्या रांगेतच उभी राहा. तिथनंच ये." तिला ते पटलं. ओटीच्या रांगेत तिला उभं राहायचंच होतं.

सगळं होतं, शेवट नव्हता. होडी जाळायची नाही, एवढं ठरलं होतं. पण म्हातारा उतरतो की नाही? उतरला तर हरला. नाही उतरला तर नीराबाईचा प्रश्न तसाच. मी ऑफिसात टॉवेलांची ओळ लिहिताना त्यातच अडकून बसायचे. रात्री कूस बदलली की तो माझ्याकडे पाठ करून होडीत बसलेला दिसायचा, आणि मला त्याचा राग यायचा, उतर ना मेल्या एकदाचा. फेब्रुवारीच्या मध्यावर करमअली चाचांना सांगायला गेले, की यंदा मंडप नको, लाइट नको. चाचा मस्कतहून परतून मंडपाच्या धंद्यात पडलेले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बेटा, मंडप नको तर नको. पण पुठ्ठ्याची होडी नको करू या वेळी. अब्बांची खरी पडलीय ना." गोदामामागं नारळाच्या झावळ्यांखाली ती होती. पूल नव्हता तेव्हा आमच्या गावची तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चाचांचे वडील चालवायचे, त्याच होडीतून मी लहानपणी पलीकडे जायचे, हे मला माहीत होतं आणि तरी नाटक लिहिताना मी ती होडी बघायला एकदाही आले नव्हते. झावळ्या बाजूला सारल्या. लाकूड राखाडी झालं होतं, फळ्यांच्या फटींत वाळकी शेवाळं. मी आत चढून बसले. बूड टेकताच खाडीच्या चिखलाचा तो आंबूस, खारट वास आला, आता कुठून आला कोण जाणे. उतरायला निघाले तर होडी डुगडुगली, आणि चाचांनी पटकन बाहेरून एका हातानं काठ धरला, दुसरा हात मला दिला. म्हणाले, "संभाळून." आणि तो हात धरल्याबरोबर दुसरा एक हात माझ्या हातात आला. ओला, खरखरीत, मिठानं पांढरा पडलेला. ओहोटीच्या वेळी होडी काठाला लागली की माणसं उतरायच्या आधी चाचांचे अब्बा उतरायचे. गुडघाभर चिखलात. होडी पोटाशी धरून ठेवायचे आणि एकेकाला हात द्यायचे, बाईला, पोराला, शेळीलासुद्धा. मी तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहिले. चाचा म्हणाले, "काय झालं? मोच आली का?" मी म्हटलं, "नाही चाचा. उतरला." त्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

शिमगा आला. दुपारी पालखी सहाणेवर बसली. गुलालानं वडाच्या पारंब्या लाल झाल्या होत्या. चाचांनी टेम्पोतून होडी आणून चौथऱ्यासमोर मोकळ्या जागेत ठेवली होती आणि माणसं तिच्याभोवती फिरून तिला ओळखत होती. आमच्या आजीला हितनं नेली ती हीच. ही फळी मागनं बसवलेली. मी वडाच्या मुळावर बसले. हातात कागद नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. ओटीची रांग लागली. पांढऱ्या दाढीतला स्वप्निल जाऊन होडीत बसला. कोणी सांगितलं नाही, की नाटक सुरू झालं. थोडी पोरं हसली. "म्हातारा आला रं परत," कोणीतरी ओरडलं. मग आपली ओटी भरून पूनम रांगेतून बाहेर आली, हातात ओटीच्या ताटाऐवजी भाकरीचं फडकं. "मामंजी, जेवायला चला." तिनं हे इतकं साधं म्हटलं, की दोन बायकांनी मागं वळून पाहिलं, खरंच कोणाला बोलावतेय ते. म्हातारा म्हणाला, "माणूस यील. पलीकडं जायचं असंल कुणाला." "पूल झाला, मामंजी." "पूल झाला म्हंजे काय खाडी आटली?" कुठंतरी हशा झाला, चांगला, पोटातला हशा. माणसं सरकून जवळ येत होती. ढोलवाल्यानं टिपऱ्या काखेत धरल्या होत्या.

आणि मग मी रांगेकडे पाहिलं. या वर्षी काकांनी घाई चालवली होती. एकीचं गाऱ्हाणं संपतंय तोवर दुसरीचा नारळ पुढं. रांग भराभर आखडत होती आणि बोलावता बोलावता होडीत चढलेली सून अजून उभीच होती, विनवतच होती. बसायची होती, पलीकडे जायची होती, काठ लागायचा होता. घंटा मला ऐकू यायला लागली. खरंच ऐकू आली, त्या नाट्यगृहातली, पितळी. मला वाटलं, उठावं आणि पूनमला सांगावं, गाळ, मधलं गाळ, बस पटकन. पण मधलं काही उरलंच नव्हतं, सगळं मीच कापलं होतं. तीन बायका राहिल्या. मग दोन. मग एकटी नीराबाई. पदरात ओटी घेऊन ती चौथऱ्याच्या पायरीपाशी आली, होडीकडे पाहिलं आणि पायरीवर बसली. चक्क बसली. काका म्हणाले, "नीराबाय, चला. तुमचीच ऱ्हायली." ती म्हणाली, "गुडघं धरलं." "उठवू का?" "हात नको लावू, कळ येतेय." काकांना कळलं. सगळ्यांनाच कळलं. काका दबक्या आवाजात म्हणाले, "अगो बाय, देवीला उशीर व्हतोय." नीराबाईनं होडीवरची नजर काढली नाही. "देवी पन बघतेय," ती म्हणाली.

पालखीचं तोंड होडीकडेच होतं, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. एक ओटी बाकी असताना देवी उठत नाही. काका क्षणभर घुटमळले, मग त्यांनी उपरणं सावरलं आणि तेही वळून बघायला लागले. होडीत पूनम म्हणत होती, "मंग मलाच सोडा पलीकडं. माहेर हाय माझं." "पुलावरनं जा." "पुलावरनं मला कोन हात देतंय उतरताना?" आणि ती बसली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग वल्हं उचललं. कोरड्या मातीत, भर दुपारी, स्वप्निल वल्हं मारू लागला आणि कोणी हसलं नाही. त्याच्या बोलण्यात पानभर भाषणाचं एक अक्षर नव्हतं, पण खांद्यात होतं. त्या खांद्यांनी तो दरवर्षी पालखी नाचवतो, ते भार ओळखतात. काठ आला. पूनम उठायला गेली, होडी डुगडुगली, आणि म्हातारा तिच्या आधी खाली उतरला. दोन्ही हातांनी काठ पोटाशी धरला, मग एक हात वर केला. "सावकाश," तो म्हणाला. तिनं हात धरला आणि उतरली. तो तिथंच उभा राहिला, जमिनीवर, होडीच्या बाहेर, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. एवढंच होतं. पुढं काही नव्हतं.

टाळ्या वाजल्या नाहीत. मग चौथऱ्याच्या पायरीवरून नीराबाई मोठ्यानं म्हणाली, "उतरला." कोणीतरी मागं म्हणालं, "उतरला रं." आणि ते माणसांमधून पसरत गेलं, म्हातारा उतरला, उतरला, जणू गावात एखादी खबर आलीय. करमअली चाचा टेम्पोला टेकून उभे होते, त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि अब्बांच्या होडीकडे बघतच राहिले. मला काय झालं ते मी सरळ सांगते. मला इतका आनंद झाला की मी वडाच्या मुळावरून उठूच शकले नाही. मी हसत होते आणि रडत होते, आणि माझ्या शेजारी बसलेली बाई मला पाणी द्यायला लागली. पाहिला. शेवट पाहिला. एका गावानं, ढोलवाल्यांसकट. देवीनंही.

मग नीराबाई उठली. कोणाचा हात न धरता, ताडकन. तीन पायऱ्या चढली, ओटी भरली, आणि काकांनी गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं तर म्हणाली, "माझं काय मागनं न्हाय औंदा. उचला." खालुबाजा वाजला. स्वप्निल होडी तशीच सोडून धावला, दाढी काढायची राहिलीच, आणि पहिला खांदा त्यानं दिला. पांढऱ्या दाढीतला म्हातारा देवीला घेऊन नाचत होता आणि गुलाल उडत होता, आणि मीही त्या गर्दीत शिरले. पूनमनं माझ्या गालांना गुलाल फासला. तेवढ्यात मनगटाला एक हात पडला, सुरकुतलेला, पकड मात्र पक्की. नीराबाई कानाशी येऊन, ढोलांवर आवाज काढून ओरडत होती, "पुढल्या वर्सी काय करतेस?" मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही गो आजी." ती म्हणाली, "ठरव. पन यवडंच कर हां, मोठं नको. किती येळ धरून ठेवू मी गुडघं?"